रस्ता मेल्यावरच मिळतो

लोबेनाऊ, ४ मार्च २०१४

प्रिय लोरे,

अक्षर ओळखून पाकीट फाडणार असशील तर आधी एवढं एकच वाक्य वाच: तुझ्या नावाची गल्ली होणार आहे.

वाचलंस ना? आता फाडून दाखव. पहिल्या ओळीत काय लिहायचं यावर मी चार दिवस घालवलेत. "कशी आहेस" लिहिलं असतं तर तू दुसऱ्या ओळीपर्यंत आलीच नसतीस, तुला मी ओळखते.

तर ऐक. गेली दोन वर्षं मी इथल्या रस्त्यांच्या नावांच्या समितीवर आहे. हसू नकोस. तेहतीस वर्षं ट्राम चालवली, रोज बत्तीस थांब्यांची नावं पुकारली, तेव्हा नगरपरिषदेला वाटलं की या बाईला रस्त्यांतलं काही कळत असेल. कळतंच. शिकल्यासवरल्या लोकांना पुस्तकात जे सापडत नाही ते मला उतारूंनी फुकटात सांगितलंय. आपला बाजार रस्ताच घे. आधी तो सम्राटाचा होता, मग फील्डमार्शलचा, मग छोट्या मिशीवाल्याचा, मग मोठ्या मिशीवाल्याचा, मग शांततेचा, आणि नव्वदनंतर पुन्हा बाजाराचा. पाट्या बदलल्या, माणसं थोडीच बदलतात? एखादी आजी चढली आणि "सम्राट रस्त्याला सोड गं" म्हणाली की मी समजायची, ऐंशी उलटलेली आहे. कोण कुठलं नाव सांगून उतरतं त्यावरून मी वय सांगायची आणि सहसा चुकत नसे. एकाच्या तोंडून एकदा सवयीने छोट्या मिशीवाल्याचं नाव निघालं. तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरला आणि राहिलेलं अंतर चालत गेला.

आता समितीचं काम म्हणजे दोन गोष्टी. नव्या रस्त्यांना नावं द्यायची, आणि जुन्या पाट्यांखाली छोटी पाटी लावायची, की हे नाव कुठून आलं. ही दुसरी गोष्ट म्हणजे नुसतं व्यसन आहे, लोरे. कोरड्या पुलाचा रस्ता आठवतो? बाबा सांगायचे, तिथे पूर्वी नदी होती, ती आटली. साफ थाप. नदी कधी नव्हतीच. शेजारच्या गावाने कालवा आणून देण्याचा शब्द दिला आणि आपल्या शहाण्यांनी कालव्याच्या आधी पूल बांधून टाकला. कालवा काही आला नाही. मग लाज झाकायला परिषदेने हुकूम काढला की गाड्या पुलावरूनच न्यायच्या, खालून नाही. ऐंशी वर्षं लोक सपाट जमिनीवर बांधलेला पूल चढत होते आणि उतरत होते. मी स्वतः शोधून काढलं हे. दप्तरखान्यात बसून, नाकाला धूळ लागेपर्यंत.

आता तुझं. गेल्या शरदात जुन्या गावातल्या घरांना रंग देण्यासाठी निळ्या पाट्या उतरवल्या. आमच्या समितीत मारोल्ड बाई आहेत, नगराच्या दप्तरखान्याच्या प्रमुख, चाळिशीच्या, बोलतात इतक्या भरभर की दोन वाक्यांत श्वास घेत नाहीत. त्यांनी एक पाटी आणून टेबलावर पालथी ठेवली. मागे, काळ्या थरात कोरलेली, एवढीशी गोगलगाय. म्हणाल्या, दोनशे बारा पाट्यांच्या मागे ही आहे, ही कुणाची? अध्यक्ष डॉ. क्वास म्हणाले, भट्टीची खूण असावी. कुणी म्हणालं, कारखान्याची. मी म्हणाले, भट्टीची नाही आणि कारखान्याचीही नाही, ती माझ्या बहिणीची गोगलगाय आहे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ओळखू येणार नाही होय? पिठावर, खिडकीच्या वाफेवर, माझ्या शाळेच्या वहीवर तू तीच काढायचीस, एक शिंग लांब आणि एक आखूड. मग मी त्यांना सगळं सांगितलं. एनॅमलच्या कारखान्यात पत्र्यावर आधी पांढरा थर भाजून घ्यायचा, त्यावर निळी भुकटी, त्यावर अक्षरांचा साचा, आणि मग ब्रशने साच्यातली भुकटी झाडून काढायची, म्हणजे खालचं पांढरं वर येतं. अक्षर लिहायचं नसतं, झाडायचं असतं. आणि ते झाडायला सबंध कारखान्यात एकच हात भरवशाचा होता, सतरा वर्षांच्या एका मुलीचा. मारोल्ड बाई ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत होते. म्हणाल्या, "म्हणजे सगळ्या गावाच्या रस्त्यांची नावं जिच्या हातची, तिच्या नावाचा एक बोळही नाही?"

कारखाना पाडला ना. तिथे आता अकरा-अकरा घरांच्या तीन गल्ल्या झाल्यात. नकाशावर अजून ए, बी आणि सी म्हणतात. गावात तीनशे दहा रस्ते पुरुषांच्या नावाचे आणि चौदा बायकांच्या, त्यातही तीन संत आणि दोन राण्या, म्हणून आता नवी नावं बायकांचीच द्यायची असं ठरलंय. ए गेली कारखान्यातल्या रसायनवाल्या बाईंना, बी पाळणाघरवालीला. आणि सी, लोरे, सी तुझी. अनेलोरे-क्लेम-गल्ली. २९ एप्रिलला नगरपरिषदेत मतदान आहे, आणि ते नुसतं नावापुरतं असतं. छोट्या पाटीसाठी एकदोन तारखा नीट करायच्या आहेत, त्याचं मी बघते.

दोन ओळी तरी लिही. आणि गोगलगायच का, ते सांग. मारोल्ड बाई रोज विचारतात आणि मला सांगता येत नाही.

तुझी ट्राउडे


लोबेनाऊ, १८ मार्च २०१४

प्रिय लोरे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी माझा पाढा पुढे म्हणते.

समितीत काल मतदान झालं. नऊ विरुद्ध एक. तो एक म्हणजे पुश, आपल्याकडे टपाल वाटायचा तो, तुला आठवत असेल, लाल कानांचा. त्याचं म्हणणं ऐक: "अनेलोरे-क्लेम-गल्ली. एवढं लांबलचक पाकिटावर लिहिणार कोण? एक्केचाळीस वर्षं टपाल वाटलंय मी."

मारोल्ड बाई म्हणाल्या, "पुश साहेब, हल्ली पाकिटं लिहितं कोण?"

"म्हणून तर म्हणतो. लोकांची सवय गेलीय. नाव छोटं द्या."

"बी गल्लीचं नाव याहून लांब आहे. तेव्हा तुम्ही हात वर केला होता."

"तेव्हा माझी झोप झाली नव्हती," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. सगळे हसले. म्हातारा नुसता आडमुठा झालाय.

आता ती तारखांची गोष्ट. सांगायलाच हवी. उभी असशील तर खाली बस.

आमचा नियम असा आहे की जिवंत माणसाच्या नावे रस्ता नाही. मेल्यावरही एक वर्ष थांबायचं. कारण उघड आहे, जिवंत माणूस पुढे काय दिवे लावील ते सांगता येत नाही, आणि या गावाने ते दोन मिशीवाल्यांकडून शिकून घेतलंय. तर मतदानाआधी मारोल्ड बाईंनी छोट्या पाटीचा मजकूर वाचला. "अनेलोरे क्लेम, एनॅमल कारागीर, जन्म लोबेनाऊ १९३६, मृत्यू ब्रेमेन १९६३."

हो. कागदोपत्री तू मेलेली आहेस. एक्कावन्न वर्षं झाली.

जुन्या दप्तरात कुठलासा कागद आहे, त्यात तसं लिहिलंय. चूक कशी झाली कोण जाणे. तेव्हा कितीतरी कागद भरले जायचे, कोण कुठे गेलं आणि कुणाचं काय झालं, घोळ व्हायचाच. आणि गंमत बघ, मी त्याच टेबलाशी बसलेली, तुझी सख्खी बहीण, पण मला कुणी विचारलंच नाही. कागद आहे म्हटल्यावर माणसाला कशाला विचारायचं? उलट मतदान आटोपल्यावर डॉ. क्वास उठले, टेबलाला वळसा घालून आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "होलफेल्ड बाई, उशिरा का होईना, आमची सर्वांची सहवेदना."

आणि मी म्हणाले, आभारी आहे.

लोरे, मी खरंच तसं म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग सगळ्यांनी एकेक करून हात दिला, आणि हात दिल्यावर कसं सांगायचं? फक्त पुशने दिला नाही. त्याने टोपी घातली आणि निघून गेला.

तू रागावशील की हसशील ते मला कळत नाहीये. पण इकडे माझी तारांबळ उडालीय. तू जिवंत आहेस असं सांगितलं तर गल्ली गेली. नाही सांगितलं तर गल्ली तुझी, पण तुझ्या नावाखाली सत्तावीस वर्षांचं आयुष्य. काय करू? या वेळी तूच सांग, मी तेच करीन.

ट्राउडे


लोबेनाऊ, २ एप्रिल २०१४

माझ्या लोरे,

तुझं कार्ड आलं. मी ते टपालवालीच्या हातातून ओढूनच घेतलं. ती म्हणाली, "अहो बाई, देतेय ना." सकाळपासून अकरा वेळा वाचलंय. सगळं मिळून सात ओळी, पण काय अक्षर आहे तुझं अजून, एक रेघ इकडची तिकडे नाही. मी तुझंच तुला लिहून पाठवते, मला ते परत लिहिण्यातसुद्धा मजा वाटतेय:

"ट्राउडे. मी मेले हे कळलं. तारीख कुणी दिली? असो. मेलेल्या बाईची गल्लीसुद्धा गल्लीच असते, आणि मला ती हवी आहे. तोंड बंद ठेव, ते तुला छान जमतं. गोगलगाय, कारण फोरमन पाठीमागे उभा राहून, हात हळू म्हणून मला गोगलगाय म्हणायचा. त्याला दोनशे वेळा उत्तर दिलं. लोरे."

मारोल्ड बाईंना फोरमनचं सांगितलं तर त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग मला सुचलं की हे मला आत्ताच कसं कळलं असं त्या विचारतील, म्हणून म्हटलं, अचानक आठवलं. बघ, अजूनही पहिली थाप दुसरीला हाताला धरून आणतेच.

तू विचारलंस, तारीख कुणी दिली. "कुठलासा कागद" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. तो कागद माझा आहे. अक्षर माझं, सही माझी.

सदुसष्टच्या ऑक्टोबरात एबरहार्डला सीमेपर्यंतची गाडी मिळणार होती. इंजिन ड्रायव्हरला त्याहून मोठं काही नव्हतं, तुला माहीत आहे तो कसा होता, झोपेतसुद्धा शिट्टी द्यायचा. पण त्या गाडीवर जायचं तर घरात कुणाचं सीमेपलीकडे, पश्चिमेत नातलग नको. बायकोच्या बाजूचंसुद्धा, आणि तू तर ब्रेमेनला. एक अर्ज होता, दोन प्रतींत, एक रेल्वेला आणि एक आमच्या ट्राम डेपोत. डेपोतली प्रत आता नगराच्या दप्तरात आहे आणि तीच मारोल्ड बाईंना सापडली. रकाना होता: भावंडं. मी लिहिलं, बहीण, मयत. मग तारीख मागितली होती, म्हणून तारीख लिहिली. ठिकाण मागितलं होतं, म्हणून ठिकाण. कारण मागितलं होतं. मी लिहिलं, फुप्फुसं. एनॅमलच्या धुळीने बऱ्याच जणींचं होतं, कुणी शंका घेतली नसती. एबरहार्ड शेजारी उभा होता. म्हणाला, काय लिहायचं ते लिही, फक्त लवकर कर, ऑफिस बंद होईल.

त्या नाताळात तुझं पार्सल आलं. मेलेल्या बहिणीचं पार्सल घेता येतं का? मी दारातच म्हणाले, परत न्या. पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी मात्र मी म्हटलं, अर्ध्या तासाने या. दार लावलं, चाकूने एक कड उचलली आणि नाक आत घातलं. कॉफी. वरती मोजे होते, निळे, माझ्या मापाचे. मग मी डिंकाने कड परत चिकटवली आणि दिलं. तुला ती कड जाड लागली असेल. चौथ्या वर्षी पार्सल आलं नाही. तेव्हा मी मोकळी झाले असं मी स्वतःला सांगितलं आणि स्वयंपाकघरात बसून इतकी रडले की एबरहार्डने शेजारणीला बोलावलं.

नव्वदनंतर, सीमा उठल्यावरही का नाही लिहिलं, हे तू विचारणारच. आधी तुला सगळं सांगावं लागलं असतं म्हणून. तुझ्या नव्या पत्त्याचं कार्ड आलं होतं, ब्याण्णव साली, नुसता पत्ता, एक शब्द नाही. ते मी शिवणाच्या डब्यात ठेवलं. एबरहार्ड दोन हजार तीनमध्ये गेला, तेव्हाही काढून बघितलं आणि परत ठेवलं. मला भित्री म्हण. आहेच मी. बावीस टनांची ट्राम उतारावरून आणायला मी कधी भ्याले नाही, पण तुझ्यापुढे पोस्टाचं एक तिकीट चिकटवायला हात उचलेना.

आता तुझं म्हणणं मान्य. तुला गल्ली हवी आहे, ती तुला मिळेल. मी तोंड बंद ठेवीन. तू म्हणतेस तसं, मला ते छान जमतं.

तुझी ट्राउडे


लोबेनाऊ, ३० एप्रिल २०१४

लोरे,

नाही जमलं.

थांब, क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल. माझं मलाच कळत नाहीये, मला इतकं हलकं का वाटतंय ते. तू वाचून झाल्यावर मला हवं ते बोल.

काल संध्याकाळी पाच वाजता नगरपरिषदेचं सभागृह. एकोणतीस सभासद, मागे आमची समिती, आणि सी गल्लीत घरं घेतलेली माणसं, लेकराबाळांसकट. मारोल्ड बाईंनी नमुना पाटी आणली होती. जुन्याच पद्धतीने करून घेतलेली, साचा लावून, हाताने झाडून. निळी अशी की बघत राहावं. त्यांनी ती हातोहात फिरवली आणि शेवटी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "होलफेल्ड बाई, दोन शब्द बोला ना. शेवटी तुमचीच बहीण."

मी खाली बघितलं. १९३६ ते १९६३. अगं, ते आकडे मी शाईने लिहिले होते, तेव्हा वाटलं होतं, कागदच आहे, कुठेतरी कुजेल. आता ते भट्टीतून निघून माझ्या मांडीवर बसले होते. तुझ्याच रंगात, तुझ्याच पद्धतीने. आणि सी गल्लीतली एक लहान मुलगी आईला मोठ्याने विचारत होती, "ती बाई इतक्या लवकर का मेली?" आई म्हणाली, "आजारी असेल गं."

मी उठले. म्हणाले, "पाटी फार सुरेख झालीय. चूक एकच आहे. माझी बहीण जिवंत आहे. ब्रेमेनला दुसऱ्या मजल्यावर राहते. याच महिन्यात तिचं कार्ड आलं आणि त्यात तिने मला टोमणाही मारलाय."

कुणीतरी हसलं, मग बंद झालं.

डॉ. क्वास म्हणाले, "अहो, पण कागद आहे."

"कागद मी भरला."

"कधी?"

"सदुसष्टला. नवऱ्याला सीमेवरची गाडी हवी होती, आणि मला नवरा खूश हवा होता."

पुढच्या रांगेतला एक जण वळला. "आणि दीड महिना तुम्ही आमच्या सहवेदना घेत होतात?"

"घेत होते. आभारही मानले."

मारोल्ड बाईंचा चेहरा उतरून गेला. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्या समोर बसला होतात, दर आठवड्याला. मला विचारायचं सुचलंच नाही. मी कागदावर विसंबले." आणि डोळ्यांना रुमाल लावला. मीच त्यांची पाठ थोपटायला गेले, म्हणजे बघ, चोर मी आणि समजूत पण मीच काढतेय.

तेव्हा मागून पुश उठला. काठी टेकत टेकत पुढे आला.

"मला ठाऊक होतं," म्हणाला.

डॉ. क्वास म्हणाले, "काय ठाऊक होतं?"

"बाई जिवंत आहे ते. तीन नाताळ ब्रेमेनहून पार्सल आलं. मीच यांच्या दारी नेलं, मीच परत आणलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचता येतं मला. मेलेली माणसं कॉफी पाठवत नाहीत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी विचारलं, "पुश, मग समितीत बोलला का नाहीत?"

"टपालवाला दुसऱ्याच्या पार्सलातलं बोलत नाही, बाई. म्हणून तर नाव लांब आहे, नाव लांब आहे म्हणत होतो. आणखी काय म्हणणार?" मग माझ्या जवळ येऊन हळू म्हणाला, "तिसऱ्या वेळी अर्ध्या तासाने या म्हणालात ना, मी तासाने आलो. म्हटलं, ठेवून घ्याल."

लोरे, छप्पन्न साली टपालात लागलेला हा माणूस. पंचेचाळीस वर्षं त्याने हे पोटात ठेवलं, आणि मी त्याला आडमुठा म्हणत होते.

पुढचं थोडक्यात. नियम म्हणजे नियम, नाव मागे घेतलं. मग दुसरं काय द्यायचं यावर अर्धा तास वाद. एनॅमल गल्ली, भट्टीची गल्ली, एकाने तर बदकाचं नाव सुचवलं. सी गल्लीतले लोक म्हणाले, आम्हाला काहीही चालेल पण आज द्या, पत्त्याशिवाय फर्निचर येत नाही. तेव्हा पुश पुन्हा उठला. म्हणाला, "पहिल्यापासून सांगतोय, छोटं नाव द्या. आहे तेच राहू दे. सी. आणि क्लेम बाईंचं नाव राखून ठेवा, त्यांची वेळ येईपर्यंत." चोवीस विरुद्ध पाच मतांनी मंजूर.

म्हणजे तू सांगितलेलं एकच काम होतं आणि ते मी मोडलं. एकदा तुझं आयुष्य काढून घेतलं आणि आता तुझी गल्ली. तुला ती हवी होती, तू स्पष्ट लिहिलं होतंस, आणि तुझ्या हाताचं चीज व्हायला हवंच होतं. रागव. तुला तो हक्क आहे. पण माझी बहीण जिवंत आहे हे वाक्य मी सत्तेचाळीस वर्षं बोलले नव्हते. काल भर सभेत बोलले, आणि मला ते पुन्हा पुन्हा बोलावंसं वाटतंय. सकाळी पाववालीलाही सांगितलं. ती म्हणाली, बरं, पाव किती देऊ?

पुढच्या गुरुवारी मी ब्रेमेनला येतेय. गाडी एक चाळीसला पोचते. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. मला बसून राहायची सवय आहे.

ट्राउडे


लोबेनाऊ, ९ सप्टेंबर २०१४

लोरे,

छत्री तुझ्याकडे राहिली, चप्पलही. पुढच्या वेळी येईन तेव्हा नेईन, पाठवू नकोस. आणि तो मनुकांचा केक तू म्हणतेस तसा माझ्याकडे फुगत नाही, तू काहीतरी सांगायचं शिल्लक ठेवलंयस. रक्तदाबाची गोळी सकाळीच घे, दुपारी नाही. डॉक्टरकडे गेलीस का? खोकला हसण्यावारी नेऊ नकोस. एनॅमलच्या धुळीत आठ वर्षं काढलीयस.

इकडे माझी चांगलीच पंचाईत झालीय. सी गल्लीतली अकराच्या अकरा घरं भरली. रुग्णवाहिका दोनदा ए गल्लीत गेली, कोळशाऐवजी कुणाला वाळू आली, आणि एका नवऱ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर नुसतंच "सी" छापून आलंय. लोक मला बाजारात गाठतात. काल दोघे जण अगदी भाजीच्या टोपलीशी आडवे आले. "होलफेल्ड बाई, तुम्ही समितीवर आहात. आमच्या गल्लीला नाव मिळणार तरी कधी?"

मी त्यांना सांगितलं, माझ्या बहिणीची तब्येत ठणठणीत आहे. तुम्हाला बरीच वर्षं थांबावं लागेल.

तुझी ट्राउडे